ठैर म्हटलं की थांबायचं

दिगू गेला त्या दिवशी नदीवरच्या राजघाटाच्या वाटेवर एक हसू येण्यासारखी गोष्ट घडली. दीड महिना होत आला, तरी ती सांगायला माणूस सापडत नाही, कारण असल्या गोष्टी मी दिगूलाच सांगत असे. तिरडी चौकात आली तेव्हा समोर केळीचा ट्रक मागे घेणं चाललं होतं. क्लीनरने ड्रायव्हरला हाक दिली, "ठैर, ठैर." ट्रक थांबला की नाही ते मी पाहिलं नाही, पण आमचे चारही खांदेकरी जागच्या जागी थिजले. एकाचा तर पाय उचललेलाच राहिला. चौघांच्या माना डावीकडे वळल्या, हनुवट्या वर झाल्या. आणि माझा, एकोणसत्तर वर्षांच्या माणसाचा, हात छातीवर शिट्टी शोधू लागला. मागच्यांनी हळूच ढकललं तेव्हा कुठे आम्ही हललो.

आता याचा उलगडा करायला हवा. दिगू आमच्या बुऱ्हाणपूरचा फोटोग्राफर, मी शाळेतला निवृत्त व्यायामशिक्षक आणि गावच्या कबड्डीचा कायमचा पंच, आणि ते चौघे आमच्या मैदानावरचे जुने खेळाडू. दिगूकडे एक जुना फ्लॅश होता. एकदा उडाला की पुन्हा तयार व्हायला त्याला भरपूर वेळ लागे. तयार झाला की मागे बारीक लाल दिवा लागायचा. खेळ काही त्या दिव्यासाठी थांबत नाही, म्हणून दिगूनेच खेळ थांबवायला सुरुवात केली. डावा हात वर करून तो "ठैर" म्हणायचा. चढाई करणारा हात पुढे काढून, मान डावीकडे कॅमेऱ्याकडे वळवून आणि हनुवटी वर करून उभा राही, त्याचा घोटा धरलेला गडी घोटा धरून राही, मी शिट्टी वाजवून घड्याळ थांबवी. लाल दिवा लागला की फोटो, मग दिगूचं "चालू दे", की पुन्हा झटापट. ठैरमध्ये चढाईवाल्याला श्वास घ्यायची मुभा होती. हा नियम कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही, तो मी केलेला आहे. शेजारच्या डोईफोडियाच्या संघाने एकदा तक्रार केली होती, पण ती त्यांचा फोटो राहून गेला म्हणून. पुढे डिजिटल कॅमेरा आला, तरी दिगूने फ्लॅश तोच ठेवला. "कॅमेरे येतील जातील," म्हणायचा, "ह्याले मरण नाही."

त्याच्या स्टुडिओत एक भिंत होती. गावातला जो गडी बाहेरच्या मोठ्या संघात जाई त्याचा, त्या संघाच्या जर्सीतला, खेळतानाचा फोटो तिथे लागे. रेल्वेत गेलेले, पोलिसात गेलेले, सगळे होते. शेजारच्या निंबोल्याचा, पण आमच्याच मैदानावर वाढलेला गोलू मात्र पहिलाच, ज्याला एका खासगी व्यावसायिक लीगच्या संघाने घेतलं. नाव गोलू आणि अंगाने काठी, पण पायांत वीज. दिगूने त्याच दिवशी चौकट करून आणली, खाली आपल्या वळणदार अक्षरात "गोलू, निंबोला" लिहिलं आणि भिंतीला टांगली. आत फोटो नव्हता. चौकट तीन वर्षं तशीच राहिली. दिगूची बायको शोभावहिनी म्हणायच्या, गोलू सुटीवर आला की जर्सी घालून इथेच उभा करा आणि काढा एकदाचा. त्यावर दिगूचं ठरलेलं उत्तर, की स्टुडिओत उभं करायला त्याचं लग्न जमवायचंय का? खेळतानाच हवा.

आणि गेल्या हिवाळ्यात ती लीग चक्क आमच्याच गावात आली. मैदानावर मॅट अंथरली, दिवे लागले. दिगूने दाढी कोरून घेतली. मग कळलं की फोटोंचे सगळे हक्क बाहेरगावच्या एका कंपनीला दिलेत, बाकीच्यांना पास हवा, आणि पाससाठी अर्ज. अर्जासोबत केलेल्या कामाचे नमुने मागितले होते. दिगूने आयुष्यातले दहा उत्तम फोटो निवडून पाठवले. उत्तर आलं, की आम्हाला प्रत्यक्ष खेळाचे फोटो अपेक्षित आहेत, आपल्या फोटोंतले खेळाडू थांबलेले दिसतात. दिगूने ते मला तीनदा वाचायला लावलं. "थांबलेलेच दिसतील ना," तो म्हणाला, "हललेला फोटो कोणी घरात लावतो का?"

तरी सामन्याच्या दिवशी तो कॅमेरा गळ्यात घालून फाटकाशी गेलाच. तिथे गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक गोडबोल्या गडी उभा होता. दिगूने त्याला समजावलं, पोरगं आमचं, मैदान आमचं, ही मातीसुद्धा आमची, आणि फोटो तुमचा कसा? तो गडी नम्रपणे म्हणाला, "अंकल, मिट्टी आपकी है, पर मॅट हमारी है." मोबाइलला बंदी नव्हती, पण मोबाइलने तर कोणी भी काढतं, असं म्हणून दिगूने कॅमेरा फाटकाशी ठेवला आणि रिकाम्या गळ्याने माझ्याशेजारी तिसऱ्या रांगेत येऊन बसला.

शेवटची चढाई, गुण बरोबरीत, आणि गोलू आला. त्याने गड्याला हात लावला, वळला, मध्यरेषा एका पावलावर राहिली. अंग असं काही ताणलेलं, की... की दिगू उभा राहिला, डावा हात वर केला आणि म्हणाला, "ठैर."

गोलू थांबला. एक पाय हवेत, मान डावीकडे, हनुवटी वर. माझा हात छातीवर गेला. पण समोरचा संघ बाहेरगावचा, त्यांना आमचे नियम काय ठाऊक? त्यांनी सहा जणांनी मिळून गोलूला मॅटवर झोपवलं. सामना गेला. दिगूचा हात मात्र वरच होता. कॅमेरा नाही, फ्लॅश नाही, त्यामुळे "चालू दे" म्हणायचं त्याला सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीने त्या क्षणाचा फोटो झळकवला. फोटो खरोखर अप्रतिम होता. काढला कंपनीने, पण उभा केला होता आमच्या दिगूने. एक प्रत मिळावी म्हणून त्याने पत्र घातलं, तर हक्क राखीव असल्याचं कळवण्यात आलं. गाव महिनाभर हसलं. दिगूही हसायचा, पण चौकटीकडे पाठ करून बसायचा. संघाने त्या दिवसानंतर गोलूला बाहेर बसवलं होतं. त्याला फोन कर, असं मी कितीदा सांगितलं. "कोणत्या तोंडानं करू, सर?" म्हणायचा. फोन राहिला, आणि एका सकाळी दिगूच राहिला नाही... मला त्याचा फार राग आला होता, अजून आहे.

तेराव्याला गोलू आला. जेवणं उरकल्यावर स्टुडिओत शिरला, पिशवीतून जर्सी काढून घातली आणि रिकाम्या चौकटीखाली उभा राहिला. दिगूला त्या दिवसाचं फार लागलं होतं, तुला फोन करायचा राहून गेला, वगैरे मी चाचरत सुरू केलं. त्याने मला थांबवलं. म्हणाला, संघात परत घेतलंय, आणि त्या दिवशी दिगूकाकांचा हात दिसला म्हणून थांबलो, त्यात काकांचं काही चुकलं नाही. मग म्हणाला, "सर, ठैर म्हणा ना. कोणी म्हटल्याशिवाय मले नाही थांबता येत."

शोभावहिनींनी कपाटातून कॅमेरा काढून दिला. मी डावा हात वर केला, ठैर म्हणालो. गोलूने एक पाय उचलला, मान वळवली, हनुवटी वर केली. लाल दिवा लागेना. गोलूच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण ठैर म्हटलेलं असल्यामुळे त्याने ते पुसलं नाही. अखेर दिवा लागला, मी कळ दाबली. तो फोटो आता भिंतीवर आहे. त्यात गोलूचं उचललेलं पाऊल मी कापलंय आणि छताचा पंखा मात्र पूर्ण आलाय.

फ्लॅश उडून गेला, तरी गोलू एका पायावर तसाच उभा होता. पुढचे शब्द मला ठाऊक होते, पण ते दिगूचे होते आणि माझ्या तोंडून निघेनात. दाराशी उभ्या असलेल्या शोभावहिनींनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चालू दे."