नैवेद्याच्या ताटातली स्पॅगेटी

आमच्या घरात नवी सून पहिल्यांदा स्वयंपाकाला लागली की गोडच करते. आधी देवाला नैवेद्य, मग थोरल्यांची पानं. माझा मुलगा आखातात नोकरीला आहे. तिथंच त्यानं फिलिपिन्सच्या मुलीशी लग्न केलं आणि दोन वर्षांपूर्वी तिला इथं, आदिलाबादजवळच्या मावल्याला घेऊन आला. तिला सांगितलं, गोड कर. तिच्याकडे वाढदिवसाला, सणाला जे गोड करतात ते तिनं केलं. स्पॅगेटी. सोबत आणलेलं केळ्याचं लाल केचप, साखर, डब्यातलं आटवलेलं दूध, आणि कोंबडीच्या सॉसेजच्या चकत्या.

सॉसेज कापायच्या आधी तिनं पाकीट माझ्यासमोर धरलं. "मम्मी, ओके?" पाकिटावर कोंबडीचं चित्र होतं. मी मान हलवली.

हे मान हलवणं मी दोन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. मला ती सून नको होती, एवढंच. कोंबडी आमच्यात अंगणातल्या चुलीवर शिजते, तिची भांडी वेगळी, आणि देवाजवळ तर ती जातच नाही, हे तिला कुणी सांगायचं? मीच. नाही सांगितलं. माझ्या थोरल्या जावेनं प्रसाद वाटायला ताट उचललं, तिला चकती दिसली, आणि तिनं घर डोक्यावर घेतलं. सगळे माझ्याकडं पाहायला लागले तेव्हा मी म्हटलं, "मला काय माईत?" पोरीला मराठी येत नव्हतं. माझा चेहरा मात्र तिला कळला. दुसऱ्याच दिवशी दोघं निघून गेले.

यंदा वर्षाच्या नातीला घेऊन येतो म्हणाला पोरगा, पण उतरणार आदिलाबादच्या लॉजवर. मग मी सुनेला फोन लावला. तिची आखातातली हिंदी, माझी इथली. सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "मेरेको मालूम है, मम्मी. उन लोग को बोलो."

नुसतं बोलायला बसले असते तर अर्ध्यातच जीभ आखडली असती. तीस वर्षं या घरात मी मान हलवण्यावरच भागवलंय. म्हटलं, तीच स्पॅगेटी करते आणि सगळ्यांना जेवायला बोलावते. ताट समोर असलं की पळता येणार नाही.

केळ्याचं केचप गावात काय, आदिलाबादेतही मिळेना. केळी कुस्करून सिरका, साखर, तिखट घालून आटवली. रंग मातकट आला, तेव्हा टोमॅटोच्या केचपची अर्धी बाटली ओतली. सून फोनवरून बघत होती. फोन मी डब्याला टेकवून ठेवला होता. पातेलं बुटकं, म्हणून लांब शेवया मोडायला घेतल्या तर ती ओरडलीच, "तोडना नहीं, मम्मी! लंबा रहेगा तो लंबी उमर!"

सगळं आत, गॅसवर चाललेलं, कोंबडीच्या चकत्यांसकट. जाऊबाई दारातच थबकल्या, नाकाला पदर लावला.

"काऊन वं, आत करून राह्यली? अंगणातली चूल काय मेली का?"

"चूल आहे. मला आतच करायचंय."

"देव हायेत घरात!"

"असू द्या. त्यांनी तवाच सगळं पाह्यलंय."

थोरले दीर आणि आमचे हे पाटावर बसले होते. मी ताटं वाढली आणि उभ्या उभ्याच बोलले. "त्या दिवशी पाकीट मी पाह्यलं होतं. तिनं मला इचारलं, मी हो म्हटलं. देवाचं ताट मी बाटवलं. तिनं नाही."

दीर म्हणाले, "आता हे उकरून काय फायदा?"

"फायदा नाही पाहून राह्यली मी, भाऊजी."

जाऊबाई म्हणाल्या, "आजपासून तुया घरचं पाणी बी पेणार नाही."

"नका पिऊ. पण कोणी इचारलं तर कारण खरं सांगा."

त्या गेल्या. मागोमाग दीरही. ह्यांनी ताट जवळ ओढलं आणि बोटांनी शेवयांचा गुंता उचलला. "लय गोड झालं," म्हणाले, आणि खात राहिले. पाप धुऊन निघालं असं मला वाटलं नाही, आणि तसं वाटावं म्हणून मी केलंही नव्हतं.

फोनमधून सुनेचा आवाज आला. "लॉज कैंसल करती मैं. लेकिन मम्मी, वो बड़ी मम्मी आएगी तो?"

"आएगी तो बैठेगी," मी म्हटलं. "पहले तू बैठेगी."