सिंहाचा कोरा रकाना

मिल्ट्रीकाकू स्वतः चहा पीत नसत. पण कोरेगावात आमच्या आळीत सगळ्यात जास्त चहा त्यांच्याच चुलीवर उकळायचा. दारावरून जाणाऱ्याला हाक यायची, "आवं, घोटभर घेऊन जावा की!" पुडी लवकर संपायला हवी, म्हणजे नवी उघडता येईल.

पुडीवर छापलं होतं : आतली हत्ती, घोडा, उंट, सिंह ही चार चित्रं जमवा, शिलाई मशीन फुकट मिळवा. काकूंचे यजमान फौजेत, पगार सासऱ्यांच्या हाती. थोरली लेक नंदा हुशार. "मशीन आलं की पोरीचं शिक्षान माज्या हातात," त्या म्हणायच्या. "न्हाईतर मामंजी दिवाळीनंतर उजवत्यात तिला."

मी शेजारची मास्तरीण, याद्या करायची सवय. वहीत चार रकाने आखले. हत्तींनी पान भरलं, घोडे-उंट मागोमाग आले. सिंहाचा रकाना कोरा. बायका चिडवायच्या, "काकू, सर्कशीतला सिंव्ह पळाला वाटतं!"

"सिंव्ह हाय त्यो. हत्तीच्या मागनं रांगंत येनार व्हय?" काकू हसून म्हणायच्या.

कडेगावात कुणाकडे सिंह आहे असं कळलं, म्हणून आम्ही दोघी एसटीने गेलो. तो काड्यापेटीवरचा निघाला. मग यजमानांना मी पत्र लिहून दिलं. उत्तर आलं, 'पलटणीतल्या साऱ्यांच्या पुड्या पाहिल्या. सिंह इथंही नाही.'

तेव्हा मी वही त्यांच्यापुढे ठेवली. "काकू, सिंह कंपनीने घातलेलाच नाही. ही फसवणूक आहे."

त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "न्हाई बाई. छापल्यालं खोटं कसं आसंल? पयल्या दोन पुड्या मी न बगता चुलीत घातल्या. त्यातच गेला त्यो."

मी पुन्हा पुन्हा समजावलं. उपयोग झाला नाही.

दिवाळीनंतर नंदाचं लग्न झालं. पाठवणीच्या वेळी काकूंनी तिचे दोन्ही हात धरले. "माज्या हातनं जळाला गं त्यो, नंदे. माफ कर." काय जळालं म्हणून सासरच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. नंदा म्हणाली, "आसू दे, आई."

वही माझ्या पिशवीतच होती. मी ती काढली नाही. काढून तरी काय दाखवणार होते? कोरा रकानाच.