चंद्राच्या चेहऱ्यावरचे व्रण

साठ सालच्या आसपास आम्ही पनवेलला भाड्याच्या घरात राहत होतो. आमचे हे शाळेत विज्ञान शिकवत. भिंगं आणि पत्र्याची नळी जुळवून त्यांनी एक छोटी दुर्बीण केली होती. तिच्यातून चंद्रावरची विवरं स्वच्छ दिसत, पण नुसतं बघून ह्यांचं समाधान होईना. फोटो हवा होता.

माझ्या भावाचा बॉक्स कॅमेरा मागून आणला. शुद्ध अष्टमीला दिवेलागणीच्या वेळी चंद्र चांगला वर असतो. परसात हे कॅमेरा दुर्बिणीला टेकवून श्वास रोखून उभे राहत, मी खालचं स्टूल घट्ट धरून बसे. नेम लागेपर्यंत चंद्र नळीतून निसटलेला असे.

"त्याला जरा थांबायला सांग," सासूबाई ओट्यावरून म्हणत.

अखेर फिल्म संपली आणि गावातल्या स्टुडिओत दिली. स्टुडिओवाले लग्नाच्या मुलींच्या फोटोंसाठी प्रसिद्ध होते. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून ते देवीचे व्रण असे घालवत की मुलाकडच्यांना पत्ताही लागत नसे.

आठवड्याने आम्ही दोघं फोटो आणायला गेलो. अर्धा चंद्र आला होता खरा, पण खोबऱ्याच्या वाटीसारखा गुळगुळीत.

"यावर काहीच नाही," हे म्हणाले.

"होतं ना, मास्तर. चेहराभर व्रण होते. दोन दिवस बसून काढले." स्टुडिओवाले शाबासकीची वाट बघत होते.

हे बाकावर बसले. "मला व्रणच हवे होते."

स्टुडिओवाल्यांनी हळूच माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, यांची तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे," मी म्हटलं. "फोटो व्रणांसाठीच काढलाय."

ते मनातून दुखावले असावेत. तरी कापसावर स्पिरिट घेऊन त्यांनी आपली सगळी मेहनत आपल्याच हाताने पुसली. एका कडेला ओरखडा राहिला, पण पुन्हा मोठा करून छापल्यावर विवरं आली, सावल्यांसकट. हे इतके खूश झाले की छत्री तिथेच विसरून घरी आले.

आल्या आल्या त्यांनी फोटो सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो कंदिलापाशी नेऊन बराच वेळ निरखला.

"जाळी छान पडलीय घावनाला," त्या म्हणाल्या. "अर्धं कुणी खाल्लं?"

ह्यांनी तो फोटो चौकटीत घालून पुढच्या खोलीत लावला. येणारा जाणारा विचारी, आणि सासूबाई ह्यांच्या आधी उत्तर देत.