सुनंदाताई आणि बॉयलरचा काटा

सुनंदाताईंच्या मुलाचा, निखिलचा फोन आला तेव्हा मी ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढत होते. "मावशी, आई गेली… हॉस्पिटलमधून आत्ताच कळवलं." कॅनडाच्या पश्चिम टोकाच्या कोक्विटलामहून इथे आमच्या कॅनडातल्याच लंडनला पोचायला त्याला दुसरा दिवस उजाडणार होता. या गोष्टीला आता महिना होत आला.

सुनंदाताई मूळच्या नागपूरच्या. इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमधून निवृत्त झालेल्या, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहायच्या. यजमान गेल्यावर जुन्या विटांच्या घरात त्या एकट्याच उरल्या. बेसमेंटमध्ये बॉयलर, त्याचं गरम पाणी खोल्याखोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरांतून फिरायचं. "घर विक, माझ्याजवळ कॉन्डो घेऊ," असा निखिलचा लकडा होता. त्या ऐकून घ्यायच्या.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांनी मला बोलावलं. बॉयलरच्या बाजूच्या पाइपातून पाणी ठिबकत होतं आणि दाबाचा काटा लाल खुणेला टेकला होता. स्विच त्यांनी आधीच बंद केला होता. "घाबरू नकोस गं, जास्तीचा दाब तो बाहेर टाकतोय. टाकला नसता तर घाबरायचं," म्हणत त्यांनी बादली पाइपाखाली सरकवली. दुपारी पंजाबी मेकॅनिक आला, एका टाकीवर टकटक करून म्हणाला, "आंटीजी, टँक गया." पाणी तापलं की फुगतं, त्याला जागा द्यायला ही टाकी, आणि तीच पाण्याने भरून गेली होती. नवी बसवली. निखिल व्हिडिओ कॉलवर होता. "आई, पुन्हा बिघडला तर घर विक्रीला लिस्ट करायचं. प्रॉमिस?" ताई म्हणाल्या, "प्रॉमिस."

आठवडाभरात काटा पुन्हा चढला. निखिलला सांगू नका, असं मी सुचवून पाहिलं. "शब्द दिलाय," एवढंच म्हणून त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. "वाढलाय रे… पण मला आजचा दिवस दे."

"आई, धिस इज नॉट सेफ."

"बॉयलर बंदच ठेवलाय. फक्त आजचा दिवस."

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "बघ, बॉयलर थंड पडलाय, तरी काटा चढतोच आहे. म्हणजे हे गरमीचं काम नाही. बाहेरचं पाणी आत येतंय." थोडं पाणी बादलीत सोडून त्यांनी काटा खाली आणला, बाहेरून पाणी येणारा नळ बंद केला आणि कोट घालून समोर खुर्ची टाकून बसल्या. मी खिचडी नेली, ती तिथेच बसून खाल्ली. संध्याकाळपर्यंत काटा जागचा हलला नाही. आपोआप पाणी भरणारा व्हॉल्व्ह नीट बंद होत नव्हता, हे मेकॅनिकलाही पटलं. त्याने तो बदलला. "फाइन, आई," निखिल म्हणाला, आणि पुढे विक्रीचा विषय त्याने काढला नाही.

एवढा हट्ट कशासाठी, असं मी एकदा विचारलं होतं. "इथे मी काय करतेय, हे मला कोणी विचारत नाही," त्या म्हणाल्या. पुढचा उन्हाळा आणि या हिवाळ्याचा बराचसा भाग त्या त्याच घरात राहिल्या.

आता घर विक्रीला आहे. पाइप गोठू नयेत म्हणून निखिलने हीट चालू ठेवली आहे आणि मी रोज एक चक्कर मारते. आमच्या नव्या घरात जमिनीतल्या जाळ्यांतून गरम हवा येते, हिवाळ्यात दही काही लागत नाही. ताई स्वयंपाकघरातल्या रेडिएटरवर घडी केलेला टॉवेल घालून त्यावर विरजणाचं पातेलं ठेवायच्या, आणि आम्हालाही वाटी द्यायच्या. टॉवेल अजून तिथेच आहे… काल मी कोमट दूध नेलं, विरजण लावून त्यावर ठेवून आले. आज सकाळी झाकण काढलं. दही घट्ट लागलं होतं.