किल्ल्यावर गेलेलं सैन्य

बाळांनो, आजी आता सैनिक का रंगवत नाही, हे तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा मी टाळलं. पण आज जिन्यात रंगकाम चाललंय आणि त्या वासाने सगळं आठवलं, म्हणून लिहिते. टेबलावर सैन्य मांडून फाशांनी लढायच्या खेळासाठी निवृत्तीनंतर मी दोन वर्षं बसून बोटभर उंचीचे चाळीस सैनिक रंगवले. हा खेळ चालायचा त्या अंधेरीच्या क्लबात मला विचारायचे, "आजी, नातवाला सोडायला आलात?" अखेर दिवाळीनंतरच्या रविवारी मला पहिली लढत मिळणार होती. आदल्या दिवशी कपाट उघडलं, तर ट्रे रिकामे. आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या मुलांना किल्ल्यासाठी मावळे कमी पडले, म्हणून तुमच्या आजोबांनी माझं सैन्य देऊन टाकलं होतं. हळीव उगवावा म्हणून मुलं किल्ल्यावर रोज तांब्याने पाणी घालत होती; भाले मोडले होते, चेहरे चिखलात रुतले होते. "अगं, नुसते पडून तर होते," आजोबा म्हणाले, "पुन्हा रंगव की. तुला काय, वेळच वेळ आहे." मी क्लबात फोन करून येत नाही म्हणून कळवलं आणि नंतरही कधी गेले नाही. त्यातले सात सैनिक माझ्या खणात आहेत. त्यांच्यावरची माती मी धुतलेली नाही.