पासवर्डचं पाकीट मी उघडलं

हे माझ्या मुलालाही ठाऊक नाही. त्यानं वाचलं तर वाचो.

पूर्णा गावात आमचं गोदाम आहे, धंदा मुलगा बघतो. जमीन माझ्या नावावर, म्हणून मी रोज ऑफिसात बसते. आमची ई-मेल ऑफिसातल्या आमच्याच मशीनवरून, म्हणजे सर्व्हरवरून, जायची. ते मनीषा बघायची — कामतघरच्या यंत्रमागावरच्या कामगाराची मुलगी, हिमतीनं शिकलेली. तिनं मला समजावलं होतं — गेटवरच्या वॉचमनकडे यादी असते, तशी या मशीनमध्येही आहे. यादीबाहेरच्याला इथून मेल पाठवता येत नाही. दार उघडं राहिलं तर कुणीही चोर आपल्या मशीनमधून हजारो मेल पाठवील, मग आपली खरी मेलसुद्धा कुणी घेणार नाही. मला समजलं होतं. आधीच सांगते — समजलं होतं.

त्या यादीत बदल करायचा पासवर्ड तिनं पाकिटात बंद करून माझ्या कपाटात ठेवलेला. अगदीच अडलं तर पाकीट उघडायचं.

ती रजेवर असताना पुतण्या आला. शेजारचं गोदाम त्याचं. त्याला आमच्या मशीनवरून मेल पाठवायची होती, मनीषानं नाही म्हटलं होतं.

"काकी, जमीन वाटली, आता मेलपन वाटली काय? घरचा मानूस यादीत न्हाय, नि ती पोरगी ठरवणार?"

झोंबलं. भाऊबंदांत मान खाली जाईल म्हणून? की पगारी पोरीनं माझ्या घरच्याला अडवलं म्हणून? दुसरं कारणच खरं. मी पाकीट फोडून दिलं.

त्याला स्वतःचं नाव घालता येईना. त्यानं यादीच काढून टाकली. "घ्या काकी, आता कोन बी येऊ दे!" तो हसला. मीही हसले. पाकीट खळीनं परत चिकटवलं.

चार दिवसांत आमच्या मशीनमधून जगभर घाण मेल गेली. आमची मेल सगळीकडून परत यायला लागली. मोठं गिऱ्हाईक तुटलं. मुलानं पाकीट पाहिलं — बंद. म्हणजे पासवर्ड एकट्या मनीषालाच ठाऊक. रजेवरून परतलेल्या मनीषानं माझ्याकडे वळून विचारलं, "आजी, हे कुणी उघडलं होतं का?"

मी म्हटलं, "चौथी शिकलेली बाई मी. मला त्यातलं काय कळतंय?"

त्याच दिवशी तिला काढलं. तिनं पासवर्ड विकला, असं मुलानं आजूबाजूच्या गोदामांतही सांगितलं. आता ती अंजूरकडे एका गोदामात खोक्यांवर स्टिकर लावते.

परवा शेअर रिक्षात शेजारी बसली. "बऱ्या आहात ना, आजी?" आम्ही दोघीच होतो. सांगता आलं असतं. मी मधेच उतरले.