दोन थरांपर्यंत दिसलेला माणूस

गेल्या माघात, एका शनिवारी दुपारी बारा दहा ते साडेबारा या वेळेत मी रहिमतपुरात माझ्या थोरल्या बहिणीच्या घराचा फोटो काढला. त्या वीस मिनिटांत पायरीवर कुणीही बसलं नव्हतं. फोटोत माणूस आला.

सांगलीच्या एका दैनिकात मी बत्तीस वर्षं काढली. भुताखेताच्या बातम्या टेबलावर यायच्या, मी त्या टोपलीत टाकायचो. म्हणून इथे पाहिलं तेवढंच लिहितो.

निवृत्तीनंतर आष्ट्यात मला पिनहोल कॅमेऱ्याचा नाद लागला. दूध पावडरचा डबा आतून काळा रंगवायचा, सुईनं भोक पाडायचं, आत फोटोचा कागद लावायचा. लेन्स नाही. प्रकाश इतका हळू आत जातो की चालता माणूस उमटतच नाही. उमटायचं तर वीस मिनिटं तसूभर हलायचं नाही.

घर रंगवायला काढलं होतं. त्याआधी जुनं दार टिपायचं होतं. डबा अंगणात ठेवला. शेजारीच आक्का पायरीकडे तोंड करून शेंगा फोडत बसली होती.

आक्काचा मुलगा संतोष बारा वर्षांपूर्वी माझ्याकडे आष्ट्याला यायला निघाला. पोचला नाही. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत. विधी फाल्गुनात ठरला होता. आक्का हो म्हणाली नव्हती, तिनं नुसती मान डोलावली होती.

मी डिंकावर छापतो. डिंकात रंग आणि रसायन कालवून जाड कागदाला लावायचं, वर निगेटिव्ह, म्हणजे डब्यातून निघालेला उलट्या छटांचा कागद, ठेवून उन्हात धरायचं, मग पाण्यात सोडायचं. ऊन लागलेला डिंक धरून राहतो, बाकीचा धुऊन जातो. असे थरावर थर दिले की चित्रासारखा फोटो होतो. पहिल्या थराला पायरीवर सावली दिसली. दुसऱ्या थराला माणूस - गुडघ्यांवर हात, दाढी, पुढचे केस गेलेले. अर्धवट काम मी मोबाइलवर टिपत नाही. तेव्हाही टिपलं नाही.

कागद घेऊन रहिमतपूरला गेलो.

"संतोष हाय," आक्का म्हणाली.

"आक्का, कुणीही असेल..."

"कुनीबी कसं? डावा खांदा पाडून बसायची खोड त्याचीच. केसं बघ की रं गेल्याली... लय दमलाय."

घर सोडताना संतोष चोवीस वर्षांचा होता. केस दाट होते.

तिचे थोरले दीर, आबा, फौजेतून निवृत्त झालेले. ते हसले. "पाव्हनं, डब्याच्या बुडाला पावडर ऱ्हायली आसंल." मग चष्मा लावून त्यांनी कागद उजेडात धरला. बराच वेळ खाली ठेवला नाही.

"मेल्याला टक्कल पडत न्हाई," ते म्हणाले. "विधी ऱ्हाऊ द्या."

त्या दिवशी आक्कानं दोन भाकरी जास्त थापल्या. निघताना आबा म्हणाले, "पोलिसात दावायचं तर तोंड सपष्ट पायजे. हुईल का?"

"होईल," मी म्हणालो. कागद चांगला उतरला असला की दोन थरांवर थांबावं, हे मला माहीत होतं.

मंगळवारी सकाळी अकराला तिसरा थर उन्हात धरला. नेहमीची सात मिनिटं. कागद पाण्यात पालथा सोडला. अर्ध्या तासानं उलटला. दार होतं, पायरी होती, पायरीवरची भेगही होती. माणूस नव्हता. पाण्यात तपकिरी रंग उतरला होता. वरचा थर सुटू शकतो. आधीचे वाळलेले दोन थर तेवढ्याच जागेपुरते सुटलेले मी आजवर कधी पाहिले नाहीत. निगेटिव्ह काढून पाहिली. तिच्यातही पायरी रिकामी होती.

पुन्हा चार वेळा तोच डबा, त्याच जागी, त्याच वेळी लावला. काही आलं नाही. जाणकारांना विचारलं. एकानं रसायनाला दोष दिला, दुसऱ्यानं माझ्या डोळ्यांना. पण तो कागद तिघांनी पाहिला होता... खुलासा माझ्याकडे नाही.

आक्काला फोनवर सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "पान्यात सोडलास व्हय त्याला."

फाल्गुनात, ठरल्या दिवशी, संगम माहुलीला, कृष्णेच्या घाटावर विधी झाला. अग्नी आबांनी दिला. पुतळा जळायला अकरा मिनिटं लागली.